बारा रुपयांचा पंतोजी

गावाने मागायचे आणि सरकारने नव्वद दिवसांत द्यायचे, असा १ जानेवारी १९९७ला मध्य प्रदेशात सुरू झालेल्या शिक्षण हमी योजनेचा करार होता. एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि शिकणारी मुले आदिवासी भागात २५, इतरत्र ४० आहेत, असे कळवले की गावातलाच गुरुजी नेमला जाई. मानधन महिना ५०० रुपये. जोडीला पंचायतींनी नेमलेले शिक्षाकर्मी होतेच. १ नोव्हेंबर २०००ला छत्तीसगड वेगळे झाले आणि हा सारा संसार रायपूरच्या पदरात पडला. गावचा शिक्षक हवा, हा विचार योग्यच होता. गावचा म्हणून तो स्वस्तात मिळावा, हा हिशेब मात्र खोटा.

शिक्षक बाहेरून आणावा की तिथलाच घडवावा, हे कोडे जुनेच आहे. १८६५मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत मिशनरी संस्थांनी उत्तरेकडून शिक्षक पाठवले. सव्हाना शहरातल्या मुक्त झालेल्या लोकांनी मात्र स्वतःची संस्था काढून आपल्यातलेच शिक्षक नेमले होते. बाहेरून आलेल्यांनी मोठे काम केले, यात शंका नाही. पण शाळा टिकायच्या तर शिक्षक तिथेच घडायला हवेत, हे ओळखून १८६८मध्ये हॅम्प्टनची शिक्षक घडवणारी शाळा निघाली. १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीच्या कैवाऱ्यांना अर्पण करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जवळपास हेच मांडले. पंतोजी शेतकरी वर्गातला, नांगराचे रुमणे वा सुताराची वाकस धरायला न लाजणारा असावा. पण तो प्रशिक्षित असावा आणि त्याला किमान बारा रुपये, मोठ्या गावात पंधरा-वीस मिळावेत. आपल्या सरकारांनी यातली पहिली अट उचलली आणि उरलेल्या विसरली.

यावर कोणी म्हणेल, प्रशिक्षित माणसांची वाट पाहिली असती तर मुले वर्षानुवर्षे शाळेविना राहिली असती. पहिल्या काही वर्षांपुरते हे मान्य. पण तात्पुरती सोय किती काळ तात्पुरती म्हणायची? छत्तीसगडमध्ये शिक्षाकर्मींचे शिक्षण खात्यात विलीनीकरण सुरू झाले १ जुलै २०१८ला, तेही आधी आठ वर्षे सेवा झालेल्यांचे. गावचा गुरुजी कच्चा असतो, हा दुसरा आक्षेप. पण कच्चेपण शिकवण्याने जाते. सावित्रीबाई फुल्यांचे शिक्षण लग्नानंतर घरीच सुरू झाले. पुढे नगरला मिस फरार आणि पुण्यात मिचेलबाईंकडे त्यांनी अध्यापनाचे धडे घेतले. ते घेण्याची सोय होती, हे महत्त्वाचे. गुरुजीला पाचशे रुपये देऊन ती सोय त्यानेच शोधावी, असे म्हणणाऱ्या सरकारने त्याच्या कच्चेपणाबद्दल तक्रार करू नये.