पुराचें पाणी आणि मत्स्यांचें गणित

सन २००२ च्या ऑगस्टमध्यें मध्य युरोपांतील एल्ब नदीला महापूर आला आणि ता. १७ रोजीं ड्रेस्डेन शहरीं तिची पातळी ९ मीटर ४० सेंटिमीटरपर्यंत चढली. घरांदारांची जी नासाडी झाली तिचीं वर्णनें वाचकांनीं त्या वेळीं वाचलीं असतील. आम्हांस येथें निराळाच प्रश्न घ्यावयाचा आहे. पूर ओसरल्यावर त्या नदींतील मासा खावा कीं न खावा, हें ठरवावें कसें? आमच्या पंक्तीस मासा नसतो हें खरें. परंतु आमच्या सारस्वत स्नेह्यांस हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा वाटेल, हें आम्ही जाणतों.

एल्बेस मिळणारी मुल्डे नदी बिटरफेल्ड गांवाजवळून वाहते. तेथील जुन्या रासायनिक कारखान्यांतून बाहेर पडलेलीं कीटकनाशकें व पारा कित्येक दशकें नदीच्या गाळांत निजून होतीं. पुरानें तो गाळ ढवळून काढला.

मासा कल्ल्यांनीं श्वास घेतो, आणि पाण्यांत विरघळलेलें विष त्याच वाटेनें त्याच्या रक्तांत उतरतें. गाळाच्या कणांस चिकटलेलें विष मात्र त्या वाटेनें सहसा शिरत नाहीं. म्हणून गढूळ पाण्यांतील एकूण विष मोजून भागत नाहीं. त्यांतलें विरघळलेलें किती, हें आधीं वेगळें काढावें लागतें.

यापुढील हिशेब म्हणजे शाळेंतील हौदाचेंच उदाहरण. एक नळ हौद भरतो, दुसरा रिता करितो. आम्ही तें वर्षानुवर्षें मुलांकडून सोडवून घेतलें, आणि ‘याचा उपयोग काय?’ ही कुरकूरही तितकींच वर्षें ऐकली! येथें भेद एवढाच कीं, अंगांतील सांठा वाढेल तशी जावकही वाढते. आवक-जावक सारखी झाली म्हणजे सांठा स्थिर राहतो.

समजा, एक विष अंगांतून २ दिवसांत निम्में होतें, दुसरें ६० दिवसांत. दोहोंची आवक सारखीच, आणि पूर ६ दिवसांचा. पहिलें आपल्या अंतिम मर्यादेच्या ७/८ पर्यंत चढेल, दुसरें जेमतेम १/१५ पर्यंत. मग दुसरें सौम्य म्हणावें काय? मुळींच नाहीं. सावकाश जाणाऱ्या विषाची मर्यादाच तीसपट मोठी. पहिल्याची मर्यादा १ धरली, तर पुराच्या अखेरीस पहिलें ७/८ आणि दुसरें २ भरतें! पाणी निवळल्यावर आणखी ६ दिवसांनीं पहिल्याचा आठवा हिस्सा उरतो. दुसऱ्याचे सुमारें ९३ टक्के तसेच राहतात. चरबींत रमणारीं विषें या दुसऱ्या जातीचीं.

कॅनडांतील फ्रँक गोबास यांनीं १९९३ सालीं ओंटारिओ सरोवरासाठीं जें गणित मांडलें, त्यांत कल्ल्यांबरोबर आहार, मलोत्सर्ग व माशाची वाढ हींही धरलीं आहेत. मासा वाढला कीं तेंच विष अधिक मांसांत वांटलें जातें, ही त्यांतील मौज. परंतु तें सरोवराच्या स्थिर स्थितीचें गणित. पुरांत पाणी रोज पालटतें, तेव्हां हिशेबही दिवसागणिक मांडावा लागतो. पाण्यांत प्राणवायु घटला तर मासा कल्ल्यांवरून अधिक पाणी फिरवितो, आणि आवकेचा नळ तितकाच मोठा होतो.

सर्वांत कठीण हिशेब वामीसारख्या सर्पाकृति ईल माशाचा. तो चरबीनें भरलेला, दीर्घायुषी, तळाशीं वावरणारा आणि चिखलांतील किडे खाणारा. पूर उतरून वरचें पाणी निर्मळ दिसूं लागलें, तरी तळाच्या नव्या गाळांतले किडे त्याच्या पोटांत जातच असतात, आणि त्याच्या हौदाचा भरणारा नळ चालूच राहतो.