दहा आकडे आणि आपले खाजगीपण

31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले, आणि या देशात मोबाइल अवतरला. त्या काळी मोबाइलचा क्रमांक हा नुसता पत्ता होता. आज तो किल्ली झाला आहे. बँक, आधार, भविष्यनिर्वाह निधी या साऱ्यांचे ओटीपी त्यावरच येतात.

घराची किल्ली आपण कोणाच्या हाती देत नाही. क्रमांक मात्र दुकानाच्या गल्ल्यावर आणि फाटकावरील वहीत बिनदिक्कत लिहून देतो. नुसत्या क्रमांकाने कुलूप उघडत नाही हे खरे. परंतु पैसे पाठविण्याच्या ॲपमध्ये तो घातला की बहुधा धारकाचे नाव कळते. मग ठग नावाने हाक मारून विश्वास संपादन करतो, आणि ओटीपी आपणच त्यास सांगतो. दुसरा ठग खोट्या कागदांवर आपले दुसरे सिमकार्ड काढतो. मग ओटीपी थेट त्याच्याकडे जातात.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे; आम्हांस आणखी एक गोष्ट दिसते. क्रमांक आपल्या मालकीचा नसतो. काम सुटले, रिचार्ज राहिला, की तो काही काळाने बंद होतो. नंतर किमान 90 दिवस थांबून कंपनी तो दुसऱ्यास देऊ शकते. बँकेत जुनाच क्रमांक राहिला, तर खात्याचे निरोप परक्याच्या खिशात वाजतात. म्हणजे ज्याच्यापाशी पैसा कमी, त्याचीच किल्ली आधी हरवते!

यावर उपाय आहेत. क्रमांक सोडण्यापूर्वी बँकेत व निधीच्या खात्यात नवा नोंदवावा. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे सरकारच्या ‘संचार साथी’वर पाहावे. फसवणूक होताच 1930 वर कळवावे.

आणि दुकानदाराने क्रमांकाचा हट्ट धरला, तर नाही म्हणावे. बिलासाठी अशी सक्ती करू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्ये दुकानदारांस बजावले आहे. खाजगीपण हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. एकट्याने नकार देणाऱ्यास लोक विक्षिप्त म्हणतात. रांगेतील दहाजणांनी दिला, तर दुकानदार विचारणेच सोडून देईल.