चुलीचा धूर घरात का कोंडतो?

भात शिजताना पातेल्यात पाहावे. दाणे मधून वर येतात आणि कडेने खाली जातात. तळाचे पाणी तापले की फुगते, हलके होऊन वर चढते; वरचे थंड, जड पाणी त्याची जागा घेते. या फेऱ्याला शाळेच्या पुस्तकात अभिसरण म्हणतात. दुपारी डुमसकडून सुरतेवर समुद्राचा वारा येतो, तोही याच न्यायाने. जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत शिरते.

चुलीचा धूरही गरम हवेबरोबर वर चढतो. पण छपराला वाट नसेल तर तो तिथेच निवतो आणि पुन्हा खाली, रांधणाऱ्या बाईच्या डोळ्यांत व छातीत उतरतो. ऊसतोडीच्या हंगामात डांग, नंदुरबार, धुळ्याकडून बारडोली, मढी, चलथाण भागात येणाऱ्या कुटुंबांच्या खोपीत हेच घडते, आणि आपल्या पक्क्या घरांतही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या अशा धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. गॅस घरी आला तरी सिलिंडर परवडत नाही म्हणून पुष्कळ घरी चूल पेटतेच.

१९८० नंतर सरकारने गावोगाव निर्धूर चुली बसवल्या. ती योजना २००२ मध्ये बंद झाली. कित्येक चुली निकामी झाल्या त्या धुराडे कोणी झाडले नाही म्हणून. काजळीने नळी अरुंद झाली की ओढ मरते. धुराडे छपराच्या वर दोन-तीन फूट हवे, आणि पाचटाच्या छपरापासून नळी दूर ठेवावी, नाहीतर आग लागेल. वर वाट केली तशी खालीही हवी. दाराखालची फट चिंध्यांनी बुजवली तर नवी हवा येणार कुठून? पावसाळ्यात गार पडलेले धुराडे आधी ओढत नाही. मूठभर सुके पाचट जाळून ते तापवावे, मग ओली लाकडे लावावीत. फुंकणी फुंकून दमणाऱ्या आयाबहिणींना हे ठाऊक आहे. आम्ही सांगतो आहोत ते घर बांधणाऱ्या पुरुषांना.

थंडीत कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून कधीही झोपू नये. तिला धूर नसतो म्हणून ती निर्धोक वाटते. पण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास. बंद खोलीत तापलेली हवा वरखाली फिरत राहते आणि हा विषारी वायू झोपलेल्यांपर्यंत पोचवते. डोके दुखले, मळमळले तर आधी सर्वांना उघड्यावर आणावे, मग दवाखाना गाठावा.

आपले धुराडे ओढते की नाही हे पाहायचे असेल, तर चूल पेटल्यावर तिच्या तोंडाशी जळती उदबत्ती धरावी. तिचा धूर आत वळला तर ठीक. आपल्याकडे आला तर बांबूला चिंधी बांधून त्याच रविवारी मिस्सानंतर नळी झाडावी.