करमचंद ते सीआयडी: नांदेड-लातूरच्या पडद्यावरचे डिटेक्टिव्ह

हलक्याफुलक्या डिटेक्टिव्ह मालिकांची गोडी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत १९८०च्या दशकाच्या मध्यावर लागली. १९८२ साली दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत लघुशक्ती प्रक्षेपकांमुळे टीव्ही महानगरांबाहेर पोचला. रहस्यकथेची सवय मात्र त्याआधीची होती. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांनी वाचनालयांतून आणून वाचले होते. टीव्हीने त्या ओढीला एक नवी गोष्ट जोडली: घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून खुनाचा तपास बघायचा आणि मधूनमधून हसायचे.

याची सुरुवात झाली १९८५च्या ‘करमचंद’पासून. पंकज पराशर दिग्दर्शक, पंकज कपूर काळ्या चष्म्यातला, सतत गाजर खाणारा डिटेक्टिव्ह आणि सुष्मिता मुखर्जी त्याची सहायक किटी. किटी भाबडे प्रश्न विचारायची आणि करमचंद तिला ‘शट अप किटी’ म्हणून गप्प करायचा. या जोडीतच मालिकेची खरी कारागिरी होती. किटीचा प्रश्न बहुतेक वेळा बघणाऱ्याच्याच मनातला असे. त्यामुळे मागे पडलेल्यालाही धागा सापडायचा, तोही हसता हसता. एखाद्याच घरी टीव्ही आणि त्याच्यासमोर सतरंजीवर अर्धी गल्ली, अशा त्या काळात लहान पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांना सोबत घेऊन जाणारी ही रचना फार मोलाची होती.

मालिका हिंदी होती, याची अडचण इथे कुणाला वाटली नाही. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उर्दू ही कचेरीची आणि शाळेची भाषा, दखनी बाजारातली. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे पंजाबीही कानावर पडते. उदगीर-देगलूरकडे तर एका बैठकीत तीन-चार भाषा सहज बोलल्या जातात. त्यामुळे करमचंदच्या बोलण्यातली खोच समजावून सांगावी लागली नाही.

मराठीत १९८०च्या दशकातच दोन वाटा निघाल्या. मुंबई दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ आली, पोलीस तपासावर बेतलेली, शिवाजी साटम यांची भूमिका असलेली. दुसरीकडे भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला फास्टर फेणे सुमीत राघवनच्या रूपाने छोट्या पडद्यावर अवतरला. पुढे १९९३ साली हिंदीत बासू चॅटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ आली. रजित कपूरचा शांत, धोतरातला सत्यान्वेषी आणि के. के. रैनांचा अजित यांच्या संगतीची ऊब तिच्यात होती.

२१ जानेवारी १९९८ रोजी सोनीवर ‘सीआयडी’ सुरू झाली आणि तिने या प्रकाराला जवळजवळ एकवीस वर्षे घरोघरी ठेवले. निर्माते पुन्हा बी. पी. सिंग, एसीपी प्रद्युमन पुन्हा शिवाजी साटम. इन्स्पेक्टर दयाने लाथ मारून दरवाजा तोडणे, फॉरेन्सिक तज्ज्ञ डॉ. साळुंखेंची एसीपींशी चालणारी कुरबुर आणि दिनेश फडणीस यांच्या फ्रेडरिक्सचे बायकोच्या धाकाचे किस्से हे सगळे पुढे काय होणार हे ठाऊक असूनही हवेसे वाटत असे. किंबहुना ठाऊक असल्यामुळेच. गुन्हा कितीही भयंकर असो, ही माणसे नेहमीसारखीच वागणार, हा भरवसा होता. ‘दया, दरवाजा तोड दो’ हे वाक्य तर शाळेच्या मधल्या सुट्टीतल्या खेळातही शिरले. २००४ साली मालिकेने १११ मिनिटांचा एक भाग कॅमेरा न थांबवता चित्रित करून विक्रमही केला.

नांदेड-लातूरसह मराठवाड्यात २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती. रहस्य उलगडायच्या ऐन वेळी वीज जाणे म्हणजे पाऊण तासाची मेहनत वाया. मग दुसऱ्या दिवशी वर्गात किंवा चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न यायचा, ‘खुनी कोण निघाला?’ ज्यांच्या भागात वीज टिकली, त्यांचा त्या दिवशी मोठा रुबाब. कथा एका बैठकीत संपणारी असल्यामुळे तुटलेला शेवट दोन वाक्यांत सांगता यायचा आणि पुढचा भाग पुन्हा कोऱ्या पाटीवर बघता यायचा. रोजच्या कौटुंबिक मालिकांना हे जमत नाही.

मराठीत झी मराठीवरच्या ‘अस्मिता’ने (२०१४-२०१७) मयूरी वाघच्या रूपाने खासगी डिटेक्टिव्ह तरुणी आणली. तिच्यासोबतची टोळीही थट्टामस्करी करणारी होती. २०१७ साली फास्टर फेणे मोठ्या पडद्यावर आला, अमेय वाघ त्या भूमिकेत. लातूरजवळच्या बाभळगावच्या देशमुख घराण्यातले रितेश देशमुख या चित्रपटामागे उभे होते.

‘सीआयडी’ २७ ऑक्टोबर २०१८ रोजी थांबली आणि डिसेंबर २०२४मध्ये परतली. मधल्या काळात, डिसेंबर २०२३मध्ये, फडणीस यांचे निधन झाले होते. नव्या पर्वात तिग्मांशू धुलियांचा बार्बोझा हा खलनायक अनेक भाग चालला आणि कथेला सलग, गडद धागा आला. धागा लांबला की मागचा भाग बघणे भाग पडते. एका बैठकीत सुटणाऱ्या प्रकरणाचा आणि फ्रेडरिक्सच्या हशाचा जुना मोकळेपणा या पर्वात कमी झाला आहे.