रंग वाहणारे हमाल

घाबरलेल्या माणसाचा चेहरा पांढरा पडतो. मासाही घाबरला की फिका पडतो, हे तुम्ही पाहिले आहे का?

चेन्नईत नुंगंबाक्कमला एका घरी मुलांसाठी ब्लॅक टेट्रा जातीचे मासे आणले. दुकानात काळेशार दिसणारे मासे घरच्या टाकीत सोडताच राखाडी झाले. दुकानदाराने फसवले, म्हणून मुलगा रडवेला झाला. संध्याकाळपर्यंत मासे पुन्हा काळे!

रंग गेलाच नव्हता, त्याने फक्त जागा बदलली होती. माशाच्या कातडीतल्या रंगपेशींत असंख्य काळे कण असतात. ताटभर पसरलेली मोहरी मधोमध गोळा केली, की ताटाचा रंग दिसू लागतो. तसेच हे. कण पेशीभर पसरले की मासा काळा, मध्यभागी जमले की फिका.

हे कण वाहून नेतात प्रथिने. पेशीच्या मध्यापासून कडेपर्यंत सूक्ष्म नळ्यांचे रूळ असतात. कायनेसिन नावाचे प्रथिन कण बाहेर नेते, डायनिन आत ओढते आणि मायोसिन त्यांना कडेच्या भागात पसरवून ठेवते. कायनेसिनचा शोध १९८५ मध्ये म्हाकूळ माशाच्या मज्जातंतूत लागला. त्याचे पाऊल एवढे लहान, की एक मिलिमीटर जायला सव्वा लाख पावले लागतात! डायनिन एकटे दुबळे असते. पण अनेक डायनिन मिळून जोर लावतात, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रूप मल्लिक यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले.

आपल्या कातडीतही असे हमाल आहेत. मायोसिन, किंवा त्याला कण अडकवणारे प्रथिन, जन्मतः बिघडलेले असेल तर रंग केसांपर्यंत नीट पोहोचत नाही. बाळाचे केस रुपेरी दिसतात. ग्रिसेली नावाचा हा आजार दुर्मीळ आहे. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आले तरच तो होतो. म्हणून मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असलेल्या घरांत, मग ती तमिळ असोत वा मराठी, धोका थोडा अधिक.

असे रुपेरी केस असलेल्या बाळाला वारंवार ताप किंवा झटके येत असतील, तर नशिबाला बोल लावत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सूक्ष्मदर्शकाखाली नुसता केस पाहिला, तरी त्यात रंगाच्या गुठळ्या दिसतात. एका प्रकारात वेळेवर अस्थिमज्जेचे रोपण झाल्यास जीव वाचू शकतो. आणि कुळात असे बाळ झाले असेल, तर नात्यात सोयरीक जुळवण्याआधी पत्रिकेबरोबर डॉक्टरांचा सल्लाही घ्या.