वजन तेवढंच, मग दंड का सुकले?

माझ्या काकांना सिरॉसिस आहे. त्यांचे दंड सुकत होते, पण पोटात पाणी साठल्यामुळे वजनकाटा हलत नव्हता. ‘जड पडेल’ म्हणून आम्ही त्यांचं वरण, अंडी बंद केली. चूक तिथेच झाली!

निरोगी लिव्हर रात्रीसाठी साखर साठवतं. आजारी लिव्हरला ते जमत नाही, मग शरीर स्नायू मोडून साखर बनवतं. त्यातच झिंक लघवीवाटे जातं. अमोनियाचं युरिया करायला झिंक लागतं. ते कमी पडलं की अमोनियाचा भार स्नायूंवर पडतो, ते आणखी झिजतात.

म्हणून वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि झोपण्याआधी थोडं खाणं हवंच. झिंकच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच, बरं का!