हिरड्यांच्या विकारांवरील पूरक प्रतिऑक्सिडीकारक उपचार

हिरड्यांच्या विकारांत मुख्य दंतोपचाराला जोड म्हणून प्रतिऑक्सिडीकारक, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, द्रव्ये देण्याच्या पद्धतीस पूरक प्रतिऑक्सिडीकारक उपचार म्हणतात. क व ई ही जीवनसत्त्वे, टोमॅटोतील लायकोपीन, हिरव्या चहातील कॅटेचिने आणि मेलॅटोनिन ही यांपैकी प्रमुख द्रव्ये होत. दातांवरील जंतूंचा थर व कीटण काढणे हाच या विकारांचा मूळ उपचार असून ही द्रव्ये त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

विकाराचे स्वरूप

दात व हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा चिकट थर साचतो. लाळेतील क्षारांमुळे तो कठीण होऊन त्याचे कीटण बनते. हिरडी लाल होते, सुजते व दात घासताना रक्त येते. ही हिरडीदाहाची अवस्था उपचाराने पूर्ण बरी होते. दाह दाताला धरून ठेवणाऱ्या तंतूंपर्यंत व हाडापर्यंत पोहोचल्यास त्यास परिदंतदाह म्हणतात. बोलीभाषेत तो पायोरिया या नावाने ओळखला जातो. निरोगी हिरडी व दात यांमधील खाच साधारणतः १ ते ३ मिलिमीटर खोल असते. परिदंतदाहात ती वाढते. झिजलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही.

कार्यपद्धती

जंतूंना मारण्यासाठी न्यूट्रोफिल या श्वेतपेशी ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे बाहेर टाकतात. त्यांचे प्रमाण वाढल्यास जंतूंबरोबर हिरडीच्या पेशी व तंतूही नष्ट होतात. प्रतिऑक्सिडीकारके या रूपांना निष्प्रभ करतात. याशिवाय तंतूंतील कोलॅजेन घडण्यासाठी क जीवनसत्त्व आवश्यक असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश नौदलातील वैद्य जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ या जहाजावर स्कर्व्हीच्या १२ रुग्णांवर तुलनात्मक प्रयोग केला. स्कर्व्हीत हिरड्या सुजून त्यांतून रक्त येते. संत्री व लिंबू मिळालेले दोन खलाशी सर्वांत लवकर सुधारले. मात्र स्कर्व्ही हा क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग आहे. नेहमीचा हिरडीदाह जंतूंच्या थरामुळे होतो. म्हणून केवळ फळे वा गोळ्या घेऊन तो बरा होत नाही.

उपयुक्तता व मर्यादा

दंतसफाईसोबत ही द्रव्ये दिल्यावर रक्तस्राव व सूज काहीशी अधिक कमी झाल्याचे काही लहान चाचण्यांत आढळले आहे. परंतु निष्कर्ष एकसारखे नाहीत. द्रव्ये, मात्रा व कालावधी भिन्न असल्याने त्यांची तुलना करणेही कठीण जाते.

अधिक मात्रा निरुपद्रवी असतेच असे नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील चाचणीत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्या धूम्रपानी पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम वाढू शकतो.

तंबाखू हे परिदंतदाहाचे प्रमुख कारण आहे. धूम्रपान करणाऱ्यांत हिरडीतून रक्त कमी येत असल्याने विकार लपून राहतो. महाराष्ट्रात दातांना लावली जाणारी मशेरीही भाजलेल्या तंबाखूचीच असते. तिने दात स्वच्छ होतात हा समज चुकीचा आहे.

आहार

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार क जीवनसत्त्वाची दैनंदिन मात्रा प्रौढ पुरुषांसाठी ८० व स्त्रियांसाठी ६५ मिलिग्रॅम आहे. १०० ग्रॅम पेरूत ते सुमारे २०० मिलिग्रॅम असते. आवळा, लिंबू व संत्री हेही त्याचे चांगले स्रोत होत. हिरड्यांतून वारंवार रक्त येत असल्यास मात्र दंतवैद्याकडून तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.